अर्धाच वाचलेला बोर्ड

आमच्या घरात गावाला जायचं ठरलं की कपड्यांची पिशवी सगळ्यात शेवटी भरली जायची. आधी दशम्या. माझी आत्या सरूबाई आदल्या दिवशी दुपारीच ज्वारीचं पीठ चाळून ठेवायची, दूध तापवून निवत ठेवायची आणि स्वयंपाकघरात कुणाला फिरकू द्यायची नाही. दशमीच्या पिठात पाण्याचा थेंब जाता कामा नये, ते दुधातच भिजलं पाहिजे, असा तिचा नेम. दुधातली दशमी दोन दिवस नरम राहते आणि कुठंही बसून खाल्ली तरी चालते. संध्याकाळभर घरात थापण्याचा आवाज यायचा. भाकरी थापल्याचा आवाज मोठा आणि उघडा असतो, दशमीचा दबका. दशमी लहान असते, हलक्या हातानं थापावी लागते. मी अंगणात अभ्यास करत बसलेली असले तरी नुसत्या आवाजावरून सांगायचे, आत्या आता दशम्यांवर आली. त्यासोबत तिळाची चटणी, दह्यात भिजवून वाळवलेल्या मिरच्या, चार कांदे आणि गुळाचा खडा. हे सगळं अण्णांच्या जुन्या धोतराच्या धुतलेल्या फडक्यात बांधलं जायचं आणि गाठ आत्याच मारायची. पाण्यासाठी पितळेचा फिरकीचा तांब्या होता. तो जीपमध्ये आत्याच्या मांडीवरून हलायचा नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिंतूर ते परभणी रस्त्यावर दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. मालक मनानं मोठा. संक्रांत झाली की वर्षातून एकदा दोन दिवस जीप द्यायचा, डिझेल आपलं आपण टाकायचं. त्या दोन दिवसांत आम्ही पाच जणांनी देव बघून घ्यायचे: अण्णा, माय, आत्या, मी आणि माझा धाकटा भाऊ विलास. इतर वेळी त्या जीपमध्ये अठरा माणसं बसायची, दोघं मागं लटकायची. आम्ही पाचच बसलो की ती खडखड वाजायची, आणि अण्णा म्हणायचे, "बघा, रिकामी गाडी कशी बडबड करती, आपल्या गावच्या पुढाऱ्यावानी."

घर माळकरी. अण्णांच्या, मायच्या, आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ. आम्हा दोघा भावंडांना अजून घातलेली नव्हती. शाळा-कॉलेज होऊ दे, मग बघू, असं अण्णा म्हणायचे. माळकऱ्यानं वशाट, म्हणजे मांसमच्छी, खायची नाही, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण प्रवासात ते सांभाळायचं कसं, हे आमच्यासारख्या घरांनाच कळेल. हॉटेलात जेवायचंच नाही. झाड आणि पाणी दोन्ही दिसलं की जीप उभी करायची, सतरंजी टाकायची आणि फडकं सोडायचं. चहासुद्धा बघून प्यायचा. टपरीवर अंड्यांचा ट्रे लटकलेला दिसला की अण्णा काही न बोलता गाडी पुढं काढायचे. आत्याचं म्हणणं होतं, "हाटेलातल्या तव्याला काय ठाऊक, सकाळी त्याच्यावर काय भाजलं."

अण्णांना वाचता येत नव्हतं. मग लायसन कसं मिळालं, ते मला विचारू नका, तेव्हा मिळायचं. गावं ते झाडांवरून, पुलांवरून, जिनिंगच्या धुराड्यांवरून ओळखायचे. मायला वाचता येत नव्हतं, आत्याला तर नाहीच. त्यामुळं मी तिसरीत गेले तेव्हापासून रस्त्यावरचे सगळे बोर्ड माझ्या वाट्याला आले. मी पुढं अण्णांच्या शेजारी बसायचे. "शोभे, वाच." मी वाचायचे. किती किलोमीटर, कुठला फाटा, पूल अरुंद आहे का, चहाच्या दुकानावर 'शुद्ध शाकाहारी' लिहिलंय का. मी वाचलं की जीप थांबायची, मी मान हलवली की पुढं जायची. तीन मोठी माणसं आणि एक इंजिन माझ्या तोंडाकडं बघतंय, असं मला वाटायचं. हे लिहिताना आजही माझी मान जरा ताठ होते. मी ते लपवत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि त्या पायरीवर मी रस्त्यावरचे बोर्ड वाचत वाचत चढले.

परभणीला कॉलेजात गेले, वसतिगृहात राहिले, आणि पहिल्याच वर्षी मला माझ्या घराची लाज वाटायला लागली. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. आमच्या खोलीत स्मिता नावाची मुलगी होती, वकिलाची. मनानं चांगली होती, तिला दोष नाही. सुट्टीहून आली की ती कुठं कुठं जेवलो ते सांगायची. अमक्या ढाब्यावरचं पनीर, तमक्या हॉटेलातली काजूची भाजी. मी पनीर पाहिलंही नव्हतं. एकदा तिनं सहज विचारलं, "तुम्ही कुठं जेवता गं रस्त्यात?" माझ्या डोळ्यांपुढं बाभळीखालची सतरंजी आली, पाठीमागून जाणाऱ्या एसटीतून बघणारी माणसं आली, आणि मी म्हणाले, "कधी इथं, कधी तिथं. ठरलेलं नसतं." ती बरं म्हणाली आणि केस विंचरायला लागली. तिनं मला खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षीच्या संक्रांतीनंतर आम्ही परळी आणि अंबाजोगाईला गेलो. जाताना गंगाखेडला गोदावरीच्या काठी फडकं सुटलं. अंबाजोगाईला धर्मशाळेत राहिलो, दुसऱ्या दिवशी दर्शन घेऊन माघारी निघालो. फडक्यात अजून दहा-बारा दशम्या होत्या, चटणी होती. भूक भागण्यासारखं सगळं होतं, हे मुद्दाम सांगते. आम्ही उपाशी नव्हतो. परळी मागं पडली तसं मी अण्णांना म्हणाले, "अण्णा, एक दिवस हाटेलात जेवू की."

"का गं? दशम्या सरल्या का?"

"सरल्या न्हाईत. पण सगळे जेवतेत. आपणच झाडाखाली बसतो."

माय मागून म्हणाली, "झाडाला काय झालं? झाड फुकटात सावली देतंय." विलास मात्र लगेच माझ्या बाजूनं झाला, त्याला हॉटेलातलं कसलंही चाललं असतं. अण्णा हसले. "पोरगी सहा महिने होस्टेलवर राहून शिकतीया. तिनं म्हणलं तर एक डाव जेवू. आक्का, काय म्हणतीस?" आत्या त्यांची थोरली बहीण, म्हणून ते तिला आक्का म्हणायचे. तिच्या मर्जीशिवाय घरात काही होत नसे. लग्नानंतर दोन वर्षांतच ती माघारी आली होती, आणि मला आणि विलासला मायपेक्षा तिनंच जास्त वाढवलं होतं. सातव्या वर्षी तिच्या वडिलांनी तिच्या गळ्यात माळ घातली होती. गावात हरिनाम सप्ता बसला की शेवटच्या दिवशीचा नैवेद्य सरूबाईच्या हातचा, हे ठरलेलं. तेवढाच एक मान तिला गावात होता, आणि तो तिला पुरायचा.

आत्या म्हणाली, "माझं काय न्हाई. शोभीनं बोर्ड वाचावा. शाकाहारी आसंल तर जेवू."

पुढं निलगिरीच्या रांगेत एक ढाबा आला. दुपारचे दोन-अडीच झाले होते. पुढं एक ट्रक उभा, त्याचा ड्रायव्हर बाजेवर तोंडावर टॉवेल टाकून झोपलेला, आत टेपवर गाणं चाललेलं. टेबलांवर प्लॅस्टिकचे रंगीत जग होते. स्मितानं सांगितलेला ढाबा असाच असणार, असं मला वाटलं. बोर्ड पांढऱ्या पत्र्याचा, नुकताच रंगवलेला, अक्षरं लालभडक. तीन ओळी होत्या. पहिली 'शाकाहारी'. दुसरी 'व मांसाहारी'. तिसरी 'जेवण मिळेल'.

"शोभे, वाच," अण्णा म्हणाले.

मी वाचलं, "शाकाहारी जेवण मिळेल."

पहिली ओळ वाचली, तिसरी वाचली, मधली तशीच ठेवली. तेव्हा मी मनाशी काय म्हणाले तेही आठवतं. आपण वाचलेला प्रत्येक शब्द बोर्डावर आहे, यात खोटं काय? भाजीच तर खायची आहे, ते आपल्या ताटात थोडंच मटण वाढणार आहेत? शिकलेल्या माणसाला स्वतःशी वाद घालता येतो आणि तो तोच जिंकतो, हे मी त्या दिवशी शिकले. अण्णांनी गाडी वळवली.

उतरताना आत्यानं नाक उचललं. "कसला गं वास यायलाय?"

"गरम मसाल्याचा, आत्या. ढाब्यावर तसलाच असतो," मी म्हणाले. मी त्याआधी आयुष्यात ढाब्यावर जेवले नव्हते.

पनीर संपलं होतं. वाढप्या म्हणाला, शेवभाजी घ्या, झणझणीत करतो. मग शेवभाजी, तंदुरी रोट्या, कांदा-लिंबू. आत्यानं सुरुवातीला फडक्यातली दशमी काढून तिच्यासोबतच भाजी घेतली, आणि पहिल्या घासालाच थांबली. मला वाटलं, कळलं तिला. पण ती म्हणाली, "लय चवदार केलंय गं. आपल्या शेवेच्या आमटीला आसा कस येत न्हाई." आत्याच्या तोंडून दुसऱ्याच्या हाताचं कौतुक मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. तिनं आणखी वाटीभर मागवली. अण्णांनी दोनदा घेतली. माय लाजत लाजत म्हणाली, "बसल्या जागी कुणी आणून वाढतंय, हे बरं हाय बाई." विलास कपाळ पुसत खात होता. माझी भाजी ताटात निवत होती आणि मी तिघांच्या गळ्याकडं बघत होते.

जेवण झाल्यावर आत्या उठली. "त्या माणसाला इचारून येते, मसाला कोणता घालतो. शोभे, तांब्या घे, हातावर पाणी घाल." मी म्हणाले, इथंच धू, मागं कशाला? पण ती निघालीही. ढाब्याच्या मागं पाण्याची टाकी होती, आणि तिच्या शेजारी उघड्यावरच भट्टी. आचारी उघड्या अंगानं बसला होता. त्याच्यापुढं एक भलं मोठं पातेलं रटरटत होतं, वर लाल तर्री. आत्या कौतुकानं वाकली. त्यानं पळी घालून हलवलं, आणि तळातून तुकडे वर आले.

आत्या म्हणाली, "भाऊ, काय शिजतंय ह्यात?"

"मटण हाय मावशी. खायाचं का?"

"आन शेवेचा रस्सा कुठला?"

"ह्योच की. तर्री सगळ्याला एकच, वरून शेव टाकायची. म्हणून तर चव येती." तो अभिमानानं सांगत होता. मग त्याचं लक्ष आत्याच्या गळ्याकडं गेलं आणि त्याच्या हातातली पळी थांबली. "मावशी, माळकरी हाव का तुमी? आवं, बोर्डावर लिव्हलंय की, दोन्ही मिळतं म्हणून. तुमी सांगायचं तरी, येगळी फोडणी दिली आसती."

तो भला माणूस होता. त्याला मी आजवर कधीच दोष दिला नाही.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. वाचून झाल्यावर मी पुढं काही सांगते का, याची वाट बघताना ती बघायची, तसं बघितलं.

मी म्हणाले, "तेवढं पुसट झालंय, आत्या. दिसलं न्हाई."

लाल रंग इतका ताजा होता की उन्हात चमकत होता.

"आसंल," आत्या म्हणाली. तिनं हात पुढं केले. मी पाणी घातलं. तिनं हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मायला आन अण्णाला सांगू नगंस. त्यांनी अजाणता खाल्लंय, त्येंला दोष न्हाई. ज्याला ठाऊक झालं, त्याचं त्यानं बघावं."

जीप दोन-तीन किलोमीटर गेली असेल, तिनं थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला बसून तिनं घशात बोटं घातली. माय पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "तेल सोसलं न्हाई बाईला. तरी म्हणत होते, झाडच बरं." अण्णा म्हणाले, "आक्काला हाटेल मानवत न्हाई." मी तांब्या धरून उभी होते. गंगाखेडच्या पुलाशी तिनं पुन्हा थांबायला सांगितलं, एकटी खाली उतरली, लुगड्यानिशी गोदावरीत बुडी मारून वर आली. थंडी होती. वर आली तेव्हा तिच्या गळ्यात माळ नव्हती, आणि पदराच्या टोकाला गाठ होती.

"माळ कुठं गेली गं आक्का?" अण्णांनी विचारलं.

"ठिवलीय काढून. महाराज आले की बघू," एवढंच ती म्हणाली. परभणीला मी वसतिगृहावर उतरले. दुसऱ्या दिवशी स्मितानं विचारलं, काय केलं सुट्टीत? मी म्हणाले, ढाब्यावर जेवलो, शेवभाजी एक नंबर होती. हेही लिहून टाकते, राहायला नको.

चैत्रात सप्ता बसला. मी सुट्टीला घरी आले होते. ज्यांच्या हातून आमच्या गावानं माळ घेतली ते महाराज शेवटच्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळात बसायचे. कुणाची तुटलेली माळ ओवून द्यायची, कुणाला नवी घालायची, कुणाचा नेम मोडला असेल तर ऐकून घ्यायचं. पारावर एका बाजूला गडीमाणसं, एका बाजूला आम्ही बायका. आत्याचा नंबर आला. तिनं पदराची गाठ सोडून माळ त्यांच्यापुढं ठेवली.

"तुटली का बाई?"

"न्हाई जी. काढून ठिवली. मटणाचा रस्सा पोटात गेला."

पारावर कुजबूज झाली आणि थांबली. महाराज म्हातारे होते, आवाज मऊ. म्हणाले, "प्रवासात होतं तसं कधी कधी. अजाणता गेला असंल. अजाणता गेला का जाणून?"

आता सगळं त्या एका उत्तरावर होतं. अजाणता म्हणाली असती तर महाराजांनी दोन शब्द बोलून माळ तिथल्या तिथं तिच्या गळ्यात घातली असती. पण मग त्यांनी विचारलं असतं, कसा गेला? अण्णा समोर बसले होते. ढाब्यावर आम्ही सगळेच जेवलो होतो; त्यांना आणि मायला आपल्या पोटात काय गेलं ते कळलं असतं. आणि बोर्ड कोण वाचतं हे तर अख्ख्या गावाला ठाऊक होतं. अण्णांनी पारावर बसून शंभरदा सांगितलं होतं, आमची शोभी वाचती म्हणून आमचा धर्म टिकला.

आत्या म्हणाली, "जाणून."

"काय?"

"जाणून, महाराज. ढाब्यामागं हात धुवायला गेले, वास आला, चाखला. कुणी आग्रह केला न्हाई. माझीच जीभ."

बायकांत कुणीतरी फिस्सकन हसली. मी आत्यापासून दोन हातांवर बसले होते. मी उठायला हवं होतं. पायांत ताकद होती, घसा बसला नव्हता, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मी शंभर मुलांपुढं बोलले होते. मी उठले नाही. हे कळलं तर अण्णा कॉलेज बंद करतील, अशी भीती वाटली, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. तेही खरं नाही. अण्णांनी माझं कॉलेज कधीच बंद केलं नसतं. मला भीती वाटली ती एवढीच, की उद्यापासून मला कुणी "शोभे, वाच" म्हणणार नाही.

महाराजांनी माळ उचलून बाजूला ठेवली. पुढच्या सप्त्यापर्यंत गळ्यात माळ नाही, नैवेद्याच्या चुलीला हात नाही. आत्या वाकून पाया पडली. घरी येताना अण्णा तिच्यापुढं चार पावलं चालत होते. दारात वळून म्हणाले, "आक्का, येवढीच वासना झाली होती तर मला सांगायचं. गाडीत दशम्या होत्या की गं." आत्या म्हणाली, "चुकलं रे माझं." आणि वाकून माझ्या चपला उंबऱ्यावरून बाजूला सारल्या, कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून.

ते वर्ष तिनं कसं काढलं, ते मी सुट्ट्यांमध्ये तेवढं बघितलं. देवाचा स्वयंपाक माय करायची, तेव्हा आत्या अंगणात जाऊन तूर निवडत बसायची. हापशावर बायका टोमणे मारायच्या. "सरूबाई, चाखायला या बरं का, आज आमच्याकडं वशाट हाय." "आगं हळू, तिच्या तोंडाला पाणी सुटंल." आत्या घागर भरायची, उचलायची आणि म्हणायची, "बाई, तुज्या हातचं वशाट तुज्या नवऱ्यालाच गिळत न्हाई, मला कशाला सांगतीस." बायका हसायच्या, तीही हसायची. घरी येऊन घागर ठेवताना मात्र तिचा हात नकळत गळ्याकडं जायचा आणि रिकामा माघारी यायचा. पुढच्या संक्रांतीला आम्ही कुठंच गेलो नाही. अण्णा म्हणाले, मालकानं जीप दिली नाही. मालकानं दिली होती.

वर्षानं सप्ता बसला आणि महाराजांनी तिला माळ घातली. परत येताना वाटेत आम्ही दोघीच होतो. मी वर्षभर पाठ केलेलं वाक्य बाहेर काढलं. "आत्या, त्या बोर्डाचं तुला सांगायचं राहिलं."

ती थांबलीसुद्धा नाही. "बोर्डाचं मला काय सांगतीस बाई? मला कुठं वाचता येतं."

त्या वेळी मला काय वाटलं असेल? सुटले, असं वाटलं. तिनं स्वतःच विषय मिटवला म्हणून मला हलकं हलकं वाटलं, आणि घरी जाऊन मी पोटभर जेवले. ती मला माफ करत होती की मी पुढं बोलते का ते बघत होती, याचा मी त्या दिवशी विचारसुद्धा केला नाही. पुढं मी पदवीधर झाले, मानवतला शाळेत लागले, पहिल्या पगारात तिला लुगडं घेतलं. ते लुगडं नेसून ती गावभर दाखवून आली, "शोभीनं घेतलं." आणि एके वर्षी उन्हाळ्यात, मी पेपर तपासत असताना, ती गेल्याचा निरोप आला.

ती गेली, पण गोष्ट राहिली. आमच्या घरात गाडी कुठल्याही ढाब्यापुढं थांबली की ती कुणीतरी काढतंच. तिला बघितलंही नाही अशी मुलं ती सांगतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही विलासच्या मुलाच्या गाडीतून परळीला निघालो होतो. आता झाड शोधावं लागत नाही. एसीचं शाकाहारी हॉटेल आहे, पाण्याच्या बंद बाटल्या आहेत. विलासची मुलगी ऋतुजा पुण्यात शिकते. ती दूध, दही, तूपही खात नाही. वाढप्याला तिनं सहा प्रश्न विचारले: रोटीला तूप लावता का, ग्रेव्हीत मलई आहे का, डाळीला फोडणी कशाची. तो बिचारा दोनदा आत जाऊन आला. विलास म्हणाला, "जास्त कडक ऱ्हाऊ नगंस बाई. आमची सरूआत्या अशीच कडक माळकरी होती. शेवटी ढाब्यामागं जाऊन गुपचूप मटण चाखून आली!" त्याची बायको हसली, मुलगा हसला. मी हसले. त्या गोष्टीवर कुठं हसायचं ते मला पाठ होतं.

ऋतुजा हसली नाही. तिनं मला विचारलं, "आत्या, पण त्यांना खाताना कुणी पाहिलं होतं का?"

"न्हाई," विलास म्हणाला, "तिनंच देवळात सगळ्यांपुढं सांगितलं."

"मग गुपचूप कसं? गुपचूप खाणारं माणूस स्वतःहून कशाला सांगेल?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पारावरच्या महाराजांनी नाही, अण्णांनी नाही. मी ताट सरकवलं आणि सांगितलं. बोर्डाच्या तीन ओळी सांगितल्या, मी कुठल्या दोन वाचल्या ते सांगितलं, आचारी काय म्हणाला, मी काय म्हणाले, आत्या देवळात काय म्हणाली. चार-पाच वाक्यांतच संपलं. एवढंसंच होतं ते. ऋतुजा माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं नजर काढून घेतली.

विलासनं हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "ताई, इतकी वर्षं आमी हसलो की गं तिच्यावर."

मी म्हणाले, "हो. तुमच्यासंगं मीबी हसले."